जाळीखालचं पाणी

स्नेहलने बाथरूमची कडी लावली आणि दाराला पाठ टेकली. बाहेरून मनोजची लाथ बसली. दार हादरलं, पण कडी टिकली.

"उघड. स्वतःहून आलीस तर थोडक्यात निभावेल," तो शांतपणे म्हणाला. त्याच्या ओरडण्यापेक्षा तिला या शांतपणाची जास्त भीती वाटायची.

थोडे दिवस देवळ्याला, माहेरी जाते, एवढंच ती बोलली होती. मोबाइल त्याच्या खिशात, हॉलच्या दाराला आतून कुलूप आणि खिडकीच्या जागी एक्झॉस्ट पंखा. दुपारची वेळ, सगळी बिल्डिंग जेवून आडवी झालेली. दुसरी लाथ बसली आणि कडीचा एक स्क्रू टाईल्सवर पडला. कडी निघाली तर आज आपण वाचत नाही, हे तिला स्वच्छ कळलं.

हे लहान बाथरूम सासू-सासरे गावी गेल्यापासून कुणी वापरत नव्हतं. महिन्यापूर्वी तिथे कुबट वास येऊ लागला. त्यातच एकदा जमिनीतल्या जाळीतून कुणीतरी खोकलं. स्नेहलला तर ते भूतच वाटलं होतं. सोसायटीचा प्लंबर सहादू आला, त्याने कोपऱ्यातली जाळी उचलली आणि तो हसायलाच लागला.

"ताई, भूतबित काय नाय. खालच्या अक्काबाई खोकल्या असतील. हा नहाणी ट्रॅप. याच्यात कायम पाणी पाहिजे, ते पडद्याचं काम करतं. वापर नाय म्हणून आटलं. खालच्यांचं बी आटलं असंल, मंग पाईपातनं सगळंच ऐकू येतं. रोज मगभर पाणी टाका. वास बंद, आवाज बंद."

"म्हणजे इथलं बोलणं खाली जातं?" मनोजने विचारलं होतं.

"दोन्हीकडं कोरडं असंल तर जाणारच की. खाली बी सांगून जातो, पाणी टाका म्हणून."

दुसऱ्या दिवसापासून मनोज रोज सकाळी त्या जाळीत मगभर पाणी ओतू लागला. प्यायलेल्या चहाचा कप जागचा न हलवणारा माणूस! स्नेहलला तेव्हा बरं वाटलं होतं. एवढं तरी घराचं बघतो म्हणून आईला फोनवर कौतुकाने सांगितलंही होतं तिने.

अक्काबाई एकट्याच राहायच्या. मखमलाबादला गुलाबाचा मळा केलेली ही बाई मळा गेल्यावर फ्लॅटमध्ये आलेली. हल्ली त्यांच्या घराला गटाराचा वास येतो, म्हातारीला स्वच्छता कशाशी खातात ते माहीत नाही, असं सगळी बिल्डिंग नाक मुरडून बोलायची. मनोज तर सर्वांत पुढे. त्याच अक्काबाईंनी एकदा जिन्यात स्नेहलचा हात धरून विचारलं होतं, "वर काय आपटतं गं, पोरी?"

"कपाट सरकवलं, अक्का," ती म्हणाली होती. लाजेने तिच्या तोंडून दुसरं काही निघालंच नाही.

तिसरी लाथ बसली. कडी एका बाजूने लोंबायला लागली. स्नेहल एका हाताने दार दाबून खाली बसली आणि तिची नजर जाळीवर गेली. जाळीखाली सकाळचं पाणी चकाकत होतं. आणि मगच तिला उमगलं, की नवरा रोज सकाळी ते कशासाठी ओततो.

तिने जाळी उपटली. ओंजळीने पाणी उपसलं. उरलेलं ओढणीने टिपून घेतलं, पिळलं, पुन्हा टिपलं. मग त्या भोकावर तोंड टेकून ती जीव खाऊन ओरडली, "अक्का! अक्का, मला वाचवा!"

पाईप गप्प होता. तिने पुन्हा हाक मारली. ओ आली नाही. येणार कशी? सहादूने खालीही पाणी ओतायला सांगितलं होतं. खालचा पडदा भरलेलाच असणार. कडीचा दुसरा स्क्रू गळून पडला.

तेवढ्यात हॉलच्या दारावर दणका बसला. मग आणखी एक. मनोजच्या लाथा थांबल्या. बाहेर कुणीतरी त्याचं नाव घेऊन शिव्या घालत होतं. तो आवाज सहादूचा होता.

"दार दाबून धर, पोरी," जाळीतून धापा टाकणारा आवाज आला. "पयल्याच हाकेला खाली धावले मी. सहादू अन् वॉचमन पहार घेऊन तुमचं दार तोडून ऱ्हायले."

"अक्का, तुम्हाला ऐकू कसं आलं?" स्नेहल हमसून रडत होती. "तुमच्याकडे तर पाणी..."

"ते मी रोज उपसून टाकते गं. म्हटलं, घराला वास आला तर येऊ दे, तुझी हाक तेवढी चुकायला नको."