पत्र्यावरचे दगड

समाधान शिडी घेऊन आला तेव्हा दिपमालाला बरंच वाटलं. मे संपत आला होता, वादळ कधी उठेल याचा नेम नव्हता, आणि सगळी गल्ली आपापले पत्रे तारेनं आवळत होती. नवऱ्याला एकदाची जाग आली म्हणायची, असं मनाशी म्हणत तिनं शिडी धरली.

त्यानं आधी ओट्यावरचे पत्रे घेतले. तिथं त्याची मोटारसायकल उभी असते. नवे हूक, दुहेरी तार, वर चांगले जड दगड. कसली म्हणून कसर ठेवली नाही. मग तो मागच्या खोलीवर चढला आणि तिथले दगड उचलून तिच्या हातात देऊ लागला. बदलायचे असतील म्हणून तिनं ते मुकाट्यानं भिंतीशी लावून ठेवले. पण त्यानं पक्कड काढून तारही तोडली, तेव्हा ती चमकली.

"हाई काय करी राह्यनात तुम्ही?"

"धीरे बोल." तो खाली उतरला. "मांगला साल गल्लीमाना लीलाधरना पत्रा उडनात, तं सरकारी घरकुल भेटनं त्याले. आपला कसाले धरी ठेवाना?"

"आठे माय झोपस."

माय म्हणजे यशोदाबाई, समाधानची आई. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती या खोलीतल्या खाटेवर पडून होती. कूस बदलायची तरी दुसऱ्याचा हात लागे.

"खाट तठेच राहू दे," समाधान म्हणाला. "रिकामी खोलीना पंचनामा कोन करस? वारा उना म्हंजे लई येसूत तिले पुढे."

"कोन लई येई? वारा येस दुपारना, आनि तुम्ही तवय धुयाले ऱ्हातस."

त्यानं पक्कड खिशात घातली. हातपाय धुतले, भांग पाडला आणि धुळ्याला दुकानात कामाला निघून गेला. जाताना ओट्यावरची तार मात्र ओढून बघितली, पक्की बसलीय ना म्हणून.

या माणसाला आपण रोज ताट वाढतो, दिपमालाच्या मनात आलं. त्याची किळस आलीच, पण त्याहून स्वतःच्या हातांची आली. दगड याच हातांनी घेतले होते. तिनं साबण लावून हात धुतले, पुन्हा धुतले. मग शेजारच्या सुमनबाईला हाक मारली.

दोघींनी म्हातारीला चादरीच्या झोळीत उचललं आणि पुढच्या खोलीत समाधानच्या पलंगावर निजवलं. "का वं, आज काय झायं?" सुमनबाईनं विचारलं. मागं फार उकडतं, असं दिपमालानं सांगून टाकलं. खरं सांगायची लाज वाटली. लाज नवऱ्याला वाटायला हवी होती, ती हिच्या वाट्याला आली.

संध्याकाळी समाधान परतला तरी वारा सुटला नव्हता, पण पश्चिमेचं आभाळ मातकट झालं होतं. पलंगावर आई, तिच्या पायाशी सुमनबाई. त्याची गादी, उशी, मोबाईलचा चार्जर, काहीच जागेवर दिसेना.

"मन्ही गादी?"

"मायनी खाटवर टाकी दिन्ही," दिपमाला म्हणाली. "आजपाईन तुम्ही मांगे झोपा."

त्यानं बायकोकडे पाहिलं, मग सुमनबाईकडे. परक्या बाईसमोर बोलणार काय? तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला आणि मागच्या खोलीवरचे पत्रे धडधडले. समाधान शिडी घेऊन मागे गेला. थोड्या वेळानं वर दगड ठेवल्याचे आवाज येऊ लागले.

यशोदाबाईनं मान उचलली. "कोन शे वर?"

"समाधान शे. तुन्ही खोलीवर दगडे ठी राह्यना," सुमनबाई म्हणाली.

म्हातारीचा चेहरा खुलला. "देख सुमन. कामवरथून उना, पानी बी पिना नही, पह्यले मन्ही खोलीवर चढना. असा पोऱ्या शे मन्हा."

सुमनबाईनं कौतुकानं मान डोलावली आणि दिपमालाकडे पाहिलं, तिनंही काही बोलावं म्हणून. दिपमाला उठली, मोरीपाशी गेली आणि थुंकली.