मागे लागलेली गाडी

"यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही," नवाब म्हणाला आणि आडव्या टाकलेल्या टायरवर बसला.

"नाही बसला तर गाडी आहे तशी घरी न्यायची," वेल्डर म्हणाला. "नियम ठाऊक आहे ना?"

नियम कुणाला ठाऊक नव्हता? सुट्टीच्या सकाळी टायरवाल्या मावशींच्या दुकानामागच्या आवारात सगळे पिकअपवाले जमायचे. कुणी गाडी चार बोटं उंच करून घ्यायचा, कुणी टपावर दिव्यांची पट्टी चढवायचा, कुणी रुतलेली गाडी ओढायला विंच बसवायचा. पान्यापासून जॅकपर्यंत सगळं एकमेकांचं. मजुरी एकच, मोडलं कसं ते सांगायचं. गोष्ट पटली की सगळे हात कामाला लागत. नाही पटली तर एक बोल्टसुद्धा कुणी सैल करून देत नसे.

नवाबाच्या गाडीचा पुढचा लोखंडी गार्ड डावीकडे पुठ्ठ्यासारखा दुमडला होता. तो त्याला आजच्या आज काढून हवा होता. हा गार्ड मिरवत पुन्हा घाट उतरायचा, हे त्याला नको होतं. ती दुसरी गाडी आत्ता कुठे असेल, तिचा मालक कुणाला काय सांगत असेल, रात्रभर हेच.

मावशी थर्मासमधून चहा ओतत होत्या. त्यांची स्वतःची गाडी आठवडाभर चाकांविना ठोकळ्यांवर उभी होती.

"सांग," त्या म्हणाल्या.

"काल दुपारी घाटात धुकं होतं. हात पुढे केला तर बोटं दिसेनात. मी आपला हळू उतरत होतो. मागून एक गाडी आली. हॉर्नवर हॉर्न. रस्ता अरुंद, वाट देणार कुठून? एवढाच माझा गुन्हा."

"मग?"

"त्याच्या डोक्यात तिडीक गेली असणार. टपावरचे सगळे दिवे लावले त्याने. माझ्या गाडीत अगदी पांढरं फटक झालं. आणि मग त्याने धडक दिली."

आवारात हालचाल थांबली. शाळामास्तरांच्या हातातला ग्रीसचा डबा तसाच राहिला. त्यांनी पगार साठवून घेतलेल्या गाडीला ते बायकोपेक्षा जास्त जपत, असं त्यांची बायकोच सांगायची.

वेल्डर मात्र गाडीला वळसा घालून आला. "धडक मागून, आणि चेपलंय पुढून? मागे तर ओरखडाही नाही."

"मागचा धक्का टोइंगच्या हुकाने खाल्ला. पुढून मी कठड्यावर आदळलो. पिवळा रंग लागलाय बघ, कठड्याचाच."

वेल्डरने नखाने रंग खरवडला आणि मान हलवली. नवाबाने हळूच श्वास सोडला.

"गार्ड सरळ होईल की," मास्तर म्हणाले. "मला द्या. फुकटात मिळालेलं लोखंड मला लगेच शोभतं."

"नको. कापून टाका. तुकडे करून भंगारात." नवाबाचा आवाज जरा चढला. "ते वाईट लोखंड आहे, मास्तर. तुमच्या घरी मुलंबाळं आहेत."

"खूप भ्यायलास?" मावशींनी विचारलं.

"काळजाचं पाणी झालं, मावशी. दुसरी धडक बसली तेव्हा गाडी कड्याकडे सरकली. खाली काही दिसत नव्हतं, नुसता पांढरा कापूस. वाटलं, संपलं."

"मग वाचलास कसा?"

"खडीच्या खाणीचं तोंड दिसलं. आत घुसलो, दिवे विझवले, इंजिन बंद केलं. तो बाहेर थांबला. उतरला. हातात चाकाचा पाना होता. पत्र्याच्या कुंपणावर पाना आपटत चालला होता, ठक, ठक. या टोकाकडून त्या टोकाकडे. म्हणत होता, बाहेर ये, नुसतं बोलू."

मास्तर ग्रीसचा डबा खाली ठेवून जवळ सरकले. वेल्डरने गॅसकटरची नळी उलगडायला घेतली. गोष्ट पटली होती. नवाबाला मोकळं मोकळं वाटू लागलं, आणि तिथे त्याची जीभ सैल सुटली.

"आणि तू?" मावशी म्हणाल्या.

"मी सीटखाली वाकलो, तोंडावर हात दाबून. श्वाससुद्धा ऐकू जाऊ नये म्हणून. पाना चार हातांवर आला, आणि मग मागे फिरला."

मावशींनी कप बॉनेटवर ठेवला. वेल्डरला हातानेच थांबवलं.

"बाकी सगळं अगदी जसं घडलं तसं सांगितलंस, नवाब. हॉर्न, दिवे, दोन धडका, पाना. पण काल लेकीची पिवळी गाडी मी चालवत होते, आणि माझा हात तोंडावर नव्हता. तू पत्रा वाजवत होतास तेव्हा मी तुझ्या गाडीचा नंबर लिहीत होते."