शेवटच्या कडव्याचा अर्थ

रविवारी दुपारी केमार केक घेऊन व्हेरोनाच्या दारात उभा राहिला. तिचा मुलगा ओमारी जाऊन आठ महिने झाले होते आणि त्या सुरुवातीच्या दिवसांनंतर लंडनच्या टॉटनममधल्या त्या फ्लॅटचा जिना तो पहिल्यांदाच चढला होता. मध्यंतरी त्याचं गाणं लंडनभर गाजत होतं, त्यामुळे वेळ मिळाला नसावा.

"आंटी, परवा मुलाखत आहे. कॅमेऱ्यासमोर गाण्यातल्या एकेका ओळीचा अर्थ सांगायचाय. आणि काही ओळी मला..."

"कळत नाहीत. कशा कळतील? लिहिल्यात माझ्या ओमारीने."

ओमारी गेल्यानंतरच्या नवव्या रात्री, त्यांच्या कॅरिबियन रिवाजाप्रमाणे घरभर माणसं गात-जेवत असताना केमारने त्याची गाण्यांची वही उचलली होती. आठवण म्हणून ठेवतो, म्हणाला होता.

"त्याचं नाव घेशील?" व्हेरोनाने विचारलं.

"समजून घ्या ना आंटी. ग्राइममध्ये, आमच्या या रॅपमध्ये, दुसऱ्याचं लिहिलेलं गातो म्हटलं की माणूस संपला. पोरं जगू देत नाहीत."

"मग अर्थही तूच शोध." तिने केक त्याच्याकडे परत सरकवला.

केमार घुटमळला. "बरं. घेतो नाव. आईशपथ."

मग ती सांगत गेली. निळा दिवा हॉस्पिटलमधल्या यंत्राचा. अकरा चमचे लापशीचे, तिने भरवलेले. केमार फोनमध्ये भराभर टिपून घेत होता. किती दिवसांनी घरात ओमारीचा विषय निघाला होता, तिला बरं वाटलं.

"आणि शेवटचं कडवं? 'पांढरे बूट जिना उतरले, मागे वळले नाहीत.' त्यावर तर नेटवर नुसती हाणामारी चाललीय. कोणी म्हणतं देवदूत, कोणी म्हणतं मरण."

"बूट म्हणजे बूट. तुझे," व्हेरोना म्हणाली. "सिकलसेलच्या कळा येऊन तो याच जिन्यात कोसळला. त्या दिवशी तुम्हा दोघांचा रेडिओवरचा पहिला कार्यक्रम होता. उशीर होईल म्हणून तू त्याला ओलांडून गेलास. त्याने कोणापाशी तक्रार केली नाही. फक्त मला सांगितलं, आणि वहीत लिहिलं."

केमारचा चेहरा उतरला. इतके महिने तो हेच कडवं छाती पिटून गात होता आणि हजारो लोक त्याच्याबरोबर गात होते.

"घेतो नाव," दारातून तो पुटपुटला. एवढं ऐकल्यावर कोणाला खोटं बोलवेल, असं व्हेरोनाला वाटलं. बिचारी.

शुक्रवारी सलूनमध्ये एका गिऱ्हाइकाच्या वेण्या घालता घालता तिने फोन आरशाला टेकवून नेटवर आलेली मुलाखत लावली. केमारने एकही अर्थ चुकवला नाही. निळा दिवा त्याच्या उशाशी होता. अकरा चमचे त्याच्या आईने भरवले होते. शेवटच्या कडव्याला त्याने आवाज खाली आणला.

"मी जिन्यात कळवळत पडलो होतो. माझा जिवाभावाचा दोस्त मला ओलांडून निघून गेला. त्याचे बूट तेवढे दिसले."

मुलाखत घेणारी मुलगी हेलावली. "कोण होता तो?"

केमारने कॅमेऱ्याकडे पाहिलं. व्हेरोनाचे हात वेणीतच थांबले.

"ओमारी," तो म्हणाला. "आता नाही तो. मी माफ केलंय त्याला."