घरचं काजळ

रिपोर्ट बाजूला ठेवून डॉक्टरांनी विचारलं, "हिच्या डोळ्यांत काजळ कोण घालतं?"

भूमिका सव्वा वर्षाची. महिन्यापूर्वी बापाला पाहून "बाबा" म्हणत धावणारी पोर आता गप्प बसून असायची, घास तोंडातून बाहेर काढायची, पोट धरून रडायची. इंदूरला पाठवलेल्या तिच्या रक्तात शिसं निघालं होतं, तेही भलतंच जास्त. घराला नवा रंग दिलाय का, घरात कोणी बॅटऱ्यांचं काम करतं का, हे सगळं विचारून झालं होतं. तिचा बाप जीवन प्रत्येक वेळी नाही म्हणाला होता.

"आई घालते," तो म्हणाला. "घरचंच असतं. आम्हाला सगळ्यांना तेच घातलंय."

त्याची बायको निशा पोरीला छातीशी धरून खाली बघत राहिली.

काजळ घरचं असो की बाजारचं, आजपासून बंद, असं डॉक्टरांनी बजावलं. शिसं मेंदूवर गेलं तर झालेलं नुकसान भरून येत नाही. डबी घेऊन या, तपासायला पाठवू, असंही सांगितलं.

त्या घरात काजळ हा सासूचा मान होता. पाचवीला पहिलं काजळ भागाबाईंनी लावलं, तेव्हापासून रोज सकाळी आंघोळीनंतर स्वयंपाकघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात पोरीला मांडीवर घेऊन त्याच लावायच्या. एरंडेलाचा दिवा, वर पितळी ताटली पालथी, रात्रभराची काजळी खरवडून घरच्या तुपात खललेली. अर्ध्या गल्लीतल्या लेकरांचं पहिलं काजळ त्यांच्या हातचं.

निशाने फोनवर वाचून एकदा म्हटलं होतं की धुराची काजळी डोळ्यांना वाईट. भागाबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. पुन्हा निशाने तो विषय काढला नाही आणि घरात शांतता झाली. जीवन शाहपुरला केळीच्या गाड्या भरून घेण्याच्या कामावर होता. दमून घरी आल्यावर शांतता मिळाली की तो खूश. ती कशी आली, हे विचारण्याच्या फंदात तो कधी पडला नाही.

त्या दुपारी मात्र तो चप्पलही न काढता आत शिरला. रिपोर्ट आईपुढे धरला. तिला वाचता येत नव्हतं, तरी धरला.

"आई, तू माझ्या पोरीले जहर घातलं."

भागाबाईंच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. भिंत चाचपत त्या आत गेल्या, डबी घेऊन अंगणात आल्या. चिमूटभर काजळ तळहातावर पसरलं, उन्हात धरलं, नाकाशी नेलं, पुन्हा उन्हात धरलं. मग त्यांनी दारात उभ्या असलेल्या निशाकडे पाहिलं आणि डबी बंद केली.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "मले दिसत नाही आता. काहीतरी भलतंच पडलं असंल त्यात."

काय पडलं, हे जीवनने तीन-तीनदा विचारलं. त्यांनी सांगितलं नाही. निशा काही बोलायला पुढे आली, तर दूध उतू चाललंय म्हणून त्यांनी तिला आत पिटाळलं.

संध्याकाळी जीवनने डॉक्टरांना द्यायला डबी मागितली. तोवर भागाबाईंनी ती राखेने घासून, विसळून, पालथी घातली होती. तपासायला कणभरही उरलं नव्हतं. जीवनचं डोकंच फिरलं. आईने काय मिसळलं ते तिला पक्कं ठाऊक आहे आणि ती लपवतेय, याबद्दल आता त्याला शंका राहिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने तिला मोटरसायकलवर बसवून निंबोल्याला उखर्डूमामाकडे नेऊन सोडलं. परत येताना वाटेत गाडी थांबवून तो रडला, पण मागे वळला नाही.

दीड महिन्याने दुसरा रिपोर्ट आला. शिसं बरंच उतरलं होतं. आणखी पंधरा दिवसांनी पोर पुन्हा "बाबा" म्हणाली. शेजारच्या सरुबाईने ही हकीकत गल्लीभर केली आणि घरोघरच्या आज्यांच्या डबीतलं काजळ मोरीत गेलं. नातीला विष घालणारी बाई, हीच भागाबाईंची ओळख झाली. निंबोल्यातही मामाची सून आपलं तान्हं त्यांच्याजवळ ठेवत नव्हती. म्हातारपणी यापेक्षा वाईट काय व्हायचं राहिलं होतं?

निंबोल्याला जायचा हट्ट निशानेच धरला. जीवन तयार नव्हता. शेवटी गेला, पण आईला न भेटता मामाबरोबर केळीच्या मळ्यात जाऊन बसला.

भागाबाई मागच्या पडवीत बसल्या होत्या. दुसरा डोळाही आता अधू झाला होता. पोरीचा आवाज ऐकून त्यांचा चेहरा फुलला, पण त्यांनी हात पुढे केले नाहीत. निशानेच पोर त्यांच्या मांडीवर ठेवली आणि त्यांच्या पायाशी बसून रडू लागली.

"आई, मी आज यांना सगळं सांगून टाकते."

"त्याले नको सांगू. त्याचा राग तुले माहीत आहे, तो तुले माहेरी नेऊन टाकंल. लेकराचं आजीबिगर निभतं, आईबिगर नाही." भागाबाई पोरीच्या केसांतून हात फिरवत राहिल्या. "पण माझं काजळ फेकून त्या डबीत तू जे विकतचं भरलं, ते कोणत्या दुकानातून आणलं, तेवढं डॉक्टरले सांग. अजून किती लेकरांच्या डोळ्यात जात असंल ते."