पाटीच्या अलीकडे

"ह्या पाटीपुढे जुन्या डिझेल गाड्यांना बंदी आहे, मॅडम," पोलीस खिडकीशी वाकून म्हणाला. "धुरामुळे."

त्या जर्मन शहरात आज माझ्या नातीचं बारसं होतं. मी लेकीला फोन लावला.

"आई, गाडी तिथेच लाव आणि ट्रामने ये," ती म्हणाली. "पाळणा भाड्याने आणलाय आम्ही."

मी मागे वळून पाहिलं. तीस वर्षांचं आमचं चाकांवरचं घर. ह्यांनी स्वतः केलेला पाळणा छतातल्या कड्यांना अजून टांगलेला होता. त्यात झोपूनच लेक अर्धा युरोप हिंडली होती. हे गेल्यावर 'गाडी विका' म्हणणाऱ्यांना मी दारातूनच वाटेला लावलं होतं.

"भाड्याचा पाळणा परत कर," मी म्हटलं. "गाडी आत येत नसेल, तर बारसं बाहेर येईल."

पाटीच्या अलीकडच्या पार्किंगमध्ये मी घुगऱ्यांचे हरभरे शिजत घातले. दुपारी ट्राममधून बाळाला घेऊन लेक-जावई उतरले, आणि मागोमाग साड्या सावरत वीस पाहुणे.

गर्दी पाहून पोलीस परत आला. मी त्याच्या हातात घुगऱ्यांची वाटी ठेवली.

"इंजिन बंद आहे," मी म्हटलं. "पाळण्याला डिझेल लागत नाही."