टाचा रस्त्याकडं

दीर असला म्हणून काय झालं, रंगरावानं दुसऱ्याच्या दारात उभं राहून गावभर ऐकू जाईल असं ओरडावं, हे बायडाक्काला बिलकुल खपत नव्हतं. सुभेदारकी सुटून पंधरा वर्षं झाली, आवाज मात्र अजून कवायतीतच होता.

"वहिनी, ह्या चपला उचला. लोकं नावं ठेवत्यात."

लढाई लागल्यापासून टीव्हीवर कुणी जवान गेल्याचं सांगितलं, की ती गावातून एक जुना जोड मागून आणायची आणि ओट्यावर मांडायची. टाचा रस्त्याकडं, जणू पोरगं घरात आलंय. पहिला जोड मागच्या लढाईत गेलेल्या तिच्या थोरल्या लेकाचा होता. धाकटा आता सीमेवर होता नि आठ दिवस त्याचा फोन नव्हता. भिंतीवर नातीनं खडूनं लिहिलं होतं, 'लढाई थांबवा'.

"आपल्या पोरांच्या मांडा की! पण तुम्ही सीमेपलीकडच्यांच्याही मांडल्यात."

"मांडल्या. त्यांच्या आयाबी दाराकडंच बघत असतील. नको असतील तर तेवढ्या उचला, भावजी. मी अडवत नाही."

रंगराव तावातावानं वाकला. एक जोड उचलला, उलटा करून बघितला, ठेवला. दुसरा उचलला. झिजलेल्या टाचा, शिवलेले अंगठे. रांगेच्या टोकापर्यंत जाऊन तो परत आला, हातात एकच चप्पल धरून उभा राहिला.

"आयुष्यभर बंदूक धरलीत, भावजी, तरी आपलं पोर कोणतं नि त्यांचं कोणतं, सांगता येईना. ठेवा ती होती तिथं. टाचा रस्त्याकडं."