उल्कासुर मरेना

हरिहरनं पुठ्ठ्याचा किरणबाण पुन्हा एकदा नेम धरून मारला, तरी उल्कासुर काही मरेना.

मोर्शीच्या गणपतीपुढे ताणलेल्या धोतराच्या पडद्यावर कमलाकांत मास्तरांची ‘मंगळावर स्वारी’ चालली होती. रशियानं आकाशात उपग्रह सोडल्यापासून मास्तरांचे पाय जमिनीला लागत नव्हते. त्यांनी सावल्यांचा खेळ रचला आणि गावालाही गणपतीपुरतं वर नेलं. रोज आरती झाली की एक भाग. पडद्यामागे गॅसबत्ती, तिच्यापुढे रॉकेलच्या डब्याचं यान आणि नटमंडळी, पडद्यावर त्यांच्या काळ्याभोर सावल्या. मुख्य राक्षस मोरोपंत वकील. ते विसर्जनाच्या आदल्या दिवशी मरणार होते, तोवर त्यांनी नुसतं गडगडाटी हसायचं. पण रोजच्या रोज मरायला एखादा किरकोळ राक्षस लागे, आणि गावातले सगळे किरकोळ राक्षस म्हणजे एकटे सूर्यभानजी. दिवसभर संत्र्याची बाग राखायची आणि संध्याकाळी वकिलांच्या पोराच्या, हरिहरच्या हातून मरायचं.

मरण्याची रीत ठरलेली होती. बत्तीजवळ उभं राहिलं की सावली ताडाएवढी होई. बाण लागला की राक्षसानं विव्हळत विव्हळत पडद्याकडे यायचं, लहान लहान होत जायचं आणि धप्पकन पडायचं. सूर्यभानजींसारखं झकास लहान होणं दुसऱ्या कोणाला जमत नसे.

आज मात्र उल्कासुर झालेले सूर्यभानजी बत्तीला चिकटून उभे होते, कमरेवर हात ठेवून. सगळा पडदा त्यांनीच व्यापला होता. पायाशी नायक हरिहर उंदराएवढा दिसत होता.

“काका, मरा ना,” हरिहर कुजबुजला. कॉलेजात शिकत होता, पण घामाघूम झाला होता बिचारा.

“आज नाही मरत मी.”

“काहून?”

“समोर कोन बसून राहिलं, पाह्यलं का? कौशल्याले पाह्याले आलेले पावने हायेत थे. दुपारपासून त्यायच्यापुढं वाकून राहिलो मी. आता चारचौघात तुह्या हातानं लोळू? उद्या लोकं म्हणतीन, राक्सासाची पोरगी केली.”

सूर्यभानजींना वाटलं, आपण कुजबुजतोय. पण बागेच्या या टोकावरून त्या टोकाच्या माणसाला हाक मारायची सवय असलेला तो गळा. शब्द न शब्द मांडवभर ऐकू गेला.

बायकांच्या बाजूला त्यांच्या बायकोनं, दुर्गाबाईंनी पदरात तोंड लपवलं. नवऱ्याचा राग येत होता आणि त्याहून जास्त त्याची कीव येत होती. लेकीसाठी चांगलं स्थळ आलं होतं. नांदगाव खंडेश्वरचे चंद्रभानजी आणि माणिकबाई दुपारी येऊन मुलीला पाहून, पोहे खाऊन ‘घरी जाऊन कळवतो’ एवढंच म्हणाले होते. अशा कळवण्याची वाट पाहण्यात दोन उन्हाळे गेले होते. मुक्कामाला राहिलेत तर गणपतीला नेऊ, म्हणून त्यांनीच पाहुण्यांना हौसेनं पुढच्या सतरंजीवर बसवलं होतं. घरधनी राक्षस होतात, हे सांगायचं तेवढं राहून गेलं.

“अहो सूर्यभानजी,” मास्तर पडद्याआडून रडकुंडीला येऊन म्हणाले, “तुम्ही मेल्याशिवाय यान पुढं कसं जाईल?”

“नाही गेलं तं नाही.”

वेळ मारून न्यायला मोरोपंत वकिलांनी उगाचच एकदा गडगडाटी हसून घेतलं. कोणी दाद दिली नाही. सगळ्या माना सतरंजीकडे वळल्या होत्या. चंद्रभानजी पडद्यावरच्या त्या अवाढव्य सावलीकडे एकटक पाहत होते. मिशीचा केसही हलत नव्हता. माणिकबाई त्यांच्या कानाशी काहीतरी बोलल्या. त्यांनी मान हलवली, पण ती होकारार्थी की नकारार्थी, कोणालाच कळलं नाही.

चंद्रभानजी उठले. धोतर झटकलं. आता निघाले, असंच सगळ्यांना वाटलं.

“ओ इवाई!” त्यांनी पडद्याकडे तोंड करून हाळी दिली. “पोरगी आमची झाली. तुमी आता बिनघोर मरा!”

सोयरीक पक्की झाल्याशिवाय वऱ्हाडात कोणी कोणाला इवाई, म्हणजे व्याही, म्हणत नाही. आणि एकदा भर मांडवात म्हटलं की मागे घेता येत नाही.

मग जो गलका उठला, त्यात हरिहरचा बाण कधी सुटला तेही दिसलं नाही. सूर्यभानजींनी छाती धरली. असे विव्हळले, की पेठेतली कुत्री भुंकायला लागली. ते गिरकी घेत, टांगलेले पुठ्ठ्याचे तारे पाडत, यानाला धडकत पडद्याकडे आले. ताडाएवढे होते ते माणसाएवढे झाले आणि धप्पकन उताणे पडले. माणिकबाईंनी हसून हसून दुर्गाबाईंचा हात धरला तो सोडलाच नाही. मास्तरांनी सुटकेचा निःश्वास टाकून यान पुढे ढकललं.

एवढ्यात मेलेला उल्कासुर उठून बसला. त्यानं डोक्यावरची शिंगं काढून बाजूला ठेवली, पडद्याच्या अगदी जवळ सरकला, दोन्ही हात जोडले.

“रामराम, इवाई,” तो म्हणाला, आणि परत मेला.